बहात्तर तास

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, 23 नोव्हेंबर 2022 रोजी जे घडलं त्याची बातमी आधी ‘सर्व्हर बंद’ अशी आली. दोन आठवड्यांनी ‘सेवा पूर्ववत’ अशी आली आणि विषय मिटला. माझ्या लेखी तो मिटलेला नाही. रुग्णाची नोंद बिघडली, हरवली किंवा चोरीला गेली तर त्याला कोण काय देणं लागतं, हा प्रश्न त्या दिवशी या देशापुढे उभा राहिला आणि त्याचं पुरेसं उत्तर तेव्हा कुठल्याही कायद्यात नव्हतं. आज आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही आले आहेत. त्या नियमांत एक मुदत आहे, बहात्तर तासांची. ती मुदत त्या बुधवारच्या सकाळपासून मोजली तर काय दिसतं, ते पाहायचं आहे. मोजणी मात्र थोडी आधीपासून करावी लागते.

पाच वर्षं तीन महिने आधी

24 ऑगस्ट 2017. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. आणीबाणीतल्या ज्या निकालात वडील यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते, तो निकाल चुकीचा होता असं मुलानं त्यात स्वच्छ लिहिलं. पण न्यायालय हक्क सांगतं. तो हक्क रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपर्यंत न्यायचा तर कायदा लागतो.

चार वर्षं चार महिने आधी

27 जुलै 2018. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं अहवाल आणि विधेयकाचा मसुदा सरकारला दिला. 1992-93च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे हेच श्रीकृष्ण. त्यांच्या मसुद्यात आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती आणि ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागण्याचा हक्क होता. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयानं खास आरोग्यविषयक डेटासाठी ‘दिशा’ नावाचा स्वतंत्र कायदा मसुद्याच्या रूपात आणला होता. सर्वसमावेशक कायदा येतोच आहे, या कारणानं तो बाजूला पडला.

सात महिने आधी

28 एप्रिल 2022. सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था सर्ट-इन हिनं एक आदेश काढला. रॅन्समवेअरसारखी, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागण्यासारखी, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत आम्हाला कळवा. यंत्रणेतल्या नोंदी, ज्यांना या क्षेत्रात लॉग म्हणतात, 180 दिवस जपून ठेवा. आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून घ्या. ही तिसरी अट वरवर किरकोळ वाटते. पण एका सर्व्हरवर सात वाजलेले असतील आणि दुसऱ्यावर सात वाजून नऊ मिनिटं, तर चोर आधी कुठून शिरला आणि मग कुठे गेला, हे तपास करणाऱ्याला जुळवता येत नाही. चांगला नियम असा असतो, प्रत्यक्ष कामातल्या अडचणीतून आलेला. फक्त हा सगळा व्यवहार संस्था आणि सरकार यांच्यातला होता. ज्याची माहिती गेली, तो माणूस त्यात कुठेच नव्हता.

साडेतीन महिने आधी

3 ऑगस्ट 2022. 2019 साली संसदेत मांडलेलं डेटा संरक्षण विधेयक सरकारनं मागे घेतलं. संयुक्त संसदीय समितीनं त्यात 81 दुरुस्त्या सुचवल्या होत्या; आता नव्यानंच लिहू, असं ठरलं.

पाच दिवस आधी

18 नोव्हेंबर 2022, शुक्रवार. नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. सुरक्षेत कसूर केली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड, असा आकडा त्यात होता. शनिवार-रविवारी वकील आणि पत्रकार तो वाचत होते. सोमवार, मंगळवार. एम्सच्या यंत्रणेत घुसखोरी करणाऱ्यांना या दिवसांत काय काय करता आलं, याचा तासवार हिशेब लोकांपुढे आलेला नाही. पण अशा हल्ल्यांची रीत माहीत आहे. फायली बंद करणं हे शेवटचं काम असतं. त्याआधी कुठल्या तरी एका संगणकातून आत यायचं, अधिकार वाढवत न्यायचे, महत्त्वाचे सर्व्हर कुठले ते शोधायचं, आणि बॅकअप कुठे आहे तेही पाहायचं. हे सगळं झालं की मगच कुलूप घातलं जातं.

बुधवार, सकाळी 7 — तास शून्य

एम्सच्या बाहेर रात्रभर पदपथावर झोपणारी माणसं दिल्लीत कुणीही पाहिलेली आहेत. बिहार, उत्तर प्रदेशपासून पार आपल्याकडल्या गावांतूनही लोक शेवटची आशा म्हणून तिथे जातात. सकाळी केसपेपर निघतो. त्यावर एक क्रमांक असतो, रुग्णाची कायमची ओळख. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं: कुठल्या डॉक्टरकडे, रक्त कधी घेतलं, अहवाल काय आला, बिल किती झालं, खाट कुठली.

हे सगळं चालवणारी ई-हॉस्पिटल ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची. सकाळी सातच्या सुमारास ती बंद पडली.

नोंदणी थांबली. वेळ घेणं थांबलं. बिलं थांबली. प्रयोगशाळेतलं काय थांबलं ते जरा जवळून पाहायला हवं, कारण ‘सर्व्हर बंद’ या दोन शब्दांत ते दिसत नाही. रक्ताच्या नळीवर बारकोडची चिकटपट्टी असते. यंत्र तो बारकोड वाचतं, कुठली तपासणी करायची ते प्रणालीला विचारतं, तपासणी करतं आणि आलेला आकडा त्या रुग्णाच्या खात्यात टाकतं. वॉर्डातल्या डॉक्टरला तो आपल्या पडद्यावर दिसतो. प्रणाली गेली की यंत्र चालू असतं, रसायनं असतात, तंत्रज्ञ असतो, नळीत रक्तही असतं. नसतं ते एवढंच, की हे रक्त कुणाचं. अशा वेळी प्रत्येक नळीबरोबर हातानं भरलेला कागद पाठवावा लागतो आणि निकाल हातानंच लिहून परत आणावा लागतो. ज्या रुग्णालयात रोज हजारो माणसं येतात तिथे हातानं लिहिण्याचा वेग हाच उपचारांचा वेग होऊन बसतो. आणि हातानं लिहिताना एक अंक इकडचा तिकडे झाला तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जातो.

म्हणूनच ‘डेटा’ हा शब्द ऐकून ज्यांना जाहिरातींचे फोन आणि मोबाइलवरचे नकोसे संदेश एवढंच आठवतं, त्यांना मी हा दिवस आठवायला सांगतो.

दुपारी 1 — तास सहा

सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे कळवण्याची सहा तासांची मुदत, सात वाजता लक्षात आलं असं धरलं तर, इथे संपते. या सहा तासांत एखाद्या संस्थेला काय करायचं असतं? आधी हे ओळखायचं की बिघाड आहे की हल्ला. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. सर्व्हर प्रतिसाद देत नाही, एवढंच कळतं. मग एखादी फाईल उघडत नाही, तिच्या नावाचं शेपूट बदललेलं दिसतं, आणि कुठे तरी एक संदेश सापडतो. एम्समध्येही सर्व्हरवर असा संदेश सापडला होता, हे पुढे संसदेत सांगितलं गेलं.

त्या क्षणी यंत्रं बंद करावीत की चालू ठेवावीत? बंद केली तर पसरणं थांबतं, पण स्मृतीतले पुरावे पुसले जाऊ शकतात. चालू ठेवली तर पुरावे राहतात आणि आगही राहते. नेटवर्कपासून तोडावीत, तर ती कुठून तोडायची हे माहीत असावं लागतं. हे निर्णय ऐनवेळी घेण्याचे नसतात. कुणी फोन उचलायचा, कुणी तार काढायची, कुणाला अधिकार आहे, हे सहा महिने आधी कागदावर लिहून ठेवलेलं आणि एकदा तरी करून पाहिलेलं असावं लागतं. कायद्याचं पालन म्हणजे वकिलाकडून लिहून घेतलेलं पंचवीस पानी धोरण, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या मते पालन म्हणजे या सहा तासांची तालीम.

संध्याकाळी 7.30 — तास साडेबारा

एम्सचं निवेदन आलं. त्यात म्हटलं होतं की हा रॅन्समवेअर हल्ला असू शकतो, असं एनआयसीच्या पथकानं कळवलं आहे. तपास यंत्रणांना माहिती दिली जात आहे. संध्याकाळी साडेसात वाजता सेवा हातानं चालवल्या जात आहेत.

साडेबारा तासांत जाहीर निवेदन आलं, हे एम्सच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. अनेक खासगी संस्था अशा वेळी आठवडेच्या आठवडे गप्प बसतात. पण निवेदन प्रसारमाध्यमांसाठी होतं. ज्याची फाईल त्या सर्व्हरवर होती त्याला थेट काय सांगायचं, हे ठरवणारा नियमच नव्हता.

गुरुवार — तास चोवीस

हातानं काम करण्याची कार्यपद्धती ठरवून दिली गेली. दाखल करणं, घरी सोडणं, एका वॉर्डातून दुसरीकडे हलवणं, सगळं हातानं. रुग्णाचा क्रमांक मिळत नसेल तर संपर्क क्रमांक लिहून घ्या. फक्त तातडीचे नमुने पाठवा, आणि तेही भरलेल्या अर्जासह. जन्माचे आणि मृत्यूचे दाखलेही हातानंच.

‘फक्त तातडीचे’ या शब्दांवर जरा थांबावं. तातडीचं नाही म्हणून जी तपासणी पुढे ढकलली गेली, ती कुणासाठी तरी घर सोडून, सुट्टी टाकून, उधारीवर तिकीट काढून गाठलेल्या दिवसाची तपासणी होती. या नुकसानीचा आकडा कुठल्याही अहवालात येत नाही.

शुक्रवार — तास अठ्ठेचाळीस ते साठ

25 नोव्हेंबरला दिल्ली पोलिसांच्या विशेष सायबर पथकानं गुन्हा नोंदवला: खंडणी आणि सायबर दहशतवाद. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-एफ कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तपास यंत्रणांच्या सूचनेवरून रुग्णालयातलं इंटरनेट बंद ठेवण्यात आलं.

गुन्हेगाराविरुद्ध कायदा होता आणि तो लगेच हललाही. पण गुन्हेगार शोधणं हे एक काम आणि दार उघडं का राहिलं हे विचारणं हे दुसरं. पहिल्यासाठी पोलीस आहेत. दुसऱ्यासाठी डेटा संरक्षणाचा कायदा लागतो, आणि तो त्या शुक्रवारी फक्त मसुदा म्हणून सूचनांची वाट पाहत होता.

शनिवार, 26 नोव्हेंबर, सकाळी 7 — तास बहात्तर

त्या दिवशी संविधान दिन होता.

आजचे नियम तेव्हा लागू असते तर या क्षणी काय काय झालेलं असायला हवं होतं, ते पाहू. आणि सुरुवात एका शंकेनं करू, कारण ती मला अनेक डॉक्टरांनी आणि रुग्णालय चालवणाऱ्यांनी विचारली आहे: चोरी झाली असं सिद्धच झालं नसेल, फक्त फायली उघडत नसतील, तर कायद्याच्या दृष्टीनं डेटाचा भंग झाला का?

झाला. 2023च्या कायद्यातली व्याख्या इथे अतिशय नेमकी आहे. माहिती बाहेर फुटणं, बदलली जाणं, नष्ट होणं याबरोबरच तिच्यापर्यंत पोहोचता न येणं हाही भंगच आहे. गुप्तता, अचूकता आणि उपलब्धता, या तिन्हींपैकी कशालाही धक्का लागला की पुरे. रक्ताची नळी कुणाची हे कळेनासं झालं, त्याच क्षणी कायद्याचं घड्याळ सुरू होतं. कायद्याच्या या एका व्याख्येसाठी मी मसुदा लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार मानतो. रुग्णालयाच्या बाबतीत माहिती फुटण्याइतकंच ती वेळेवर न मिळणंही जिवावर बेतू शकतं, हे त्यात मान्य केलं आहे.

मग बंधन काय? या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब पहिली खबर: काय झालं, कधी, कुठे, किती जणांना त्याची झळ बसू शकते. त्यानंतर, कळल्यापासून बहात्तर तासांत, सविस्तर अहवाल: घटना कशामुळे झाली, नुकसान आवरण्यासाठी काय केलं, कुणी केलं याबद्दल काय आढळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, आणि लोकांना कळवलं त्याचा तपशील. मुदत वाढवून हवी असेल तर मंडळाकडे लेखी मागावी लागते.

आणि ज्याची माहिती आहे त्याला, त्या प्रत्येकाला, विनाविलंब कळवायचं. सोप्या, स्पष्ट शब्दांत. काय आणि कधी झालं. तुमच्यावर त्याचा काय परिणाम होऊ शकतो. आम्ही काय करत आहोत. तुम्ही स्वतः काय काळजी घ्यावी. आणि प्रश्न विचारायचे असतील तर कुणाला विचारायचे. संमती मागण्याची सूचना तर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. भंगाची खबरही त्याच भाषेत का मिळू नये? चंदगडच्या किंवा काणकोणच्या माणसाला ‘तुमच्या आजाराची नोंद दुसऱ्याच्या हाती लागली असावी’ हे इंग्रजी संदेशात कळवलं, तर ते कळवलंच नाही.

आता हे सगळं एम्सच्या त्या शनिवारी ठेवून पाहा. किती जणांना झळ बसली? ज्या प्रणालीतून ही यादी काढायची तीच बंद. प्रत्येकाला कळवायचं, तर प्रत्येकाचा फोन क्रमांक कुठे? त्याच सर्व्हरवर. म्हणून बहात्तर तासांचा नियम पाळायचा असेल तर त्याची तयारी आधीच्या वर्षी करावी लागते. नियम तेही सांगतात: माहिती कूटबद्ध ठेवा, कुणाला काय पाहता येईल यावर ताबा ठेवा, कुणी काय पाहिलं याचे लॉग ठेवा आणि ते एक वर्ष जपा, यंत्रणा कोसळली तरी काम चालू राहील असे बॅकअप ठेवा, ज्या बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेता तिच्याशी केलेल्या करारातही याच अटी घाला. बाहेरच्या कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही. जबाबदारी मूळ संस्थेचीच.

त्यानंतरचे दिवस

सोमवारपर्यंत आकडे फिरू लागले. तीन-चार कोटी रुग्णांची माहिती धोक्यात, 200 कोटी रुपयांची मागणी. खंडणीची अशी मागणी आपल्यापर्यंत आली नसल्याचं दिल्ली पोलिसांनी सांगितलं. अधिकृत आणि पुरेशी माहिती वेळेत मिळाली नाही की ती जागा अंदाज भरून काढतात, आणि दूरच्या गावात बसलेल्या रुग्णाला त्यातलं काय खरं मानायचं हे समजत नाही. 29 नोव्हेंबरला एम्सनं सांगितलं की ई-हॉस्पिटलचा डेटा सर्व्हरवर परत आणला आहे, पण नेटवर्क स्वच्छ केल्याशिवाय सेवा सुरू करता येणार नाहीत. रुग्णालयात संगणकच हजारो, प्रत्येक तपासायचा.

डिसेंबरमध्ये संसदेत उत्तर दिलं ते आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी, आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार. ज्या बॅकअप सर्व्हरला झळ लागली नव्हती त्यावरून सगळा डेटा परत मिळाला. नोंदणी, वेळ घेणं, दाखल करणं, घरी सोडणं ही बहुतेक कामं दोन आठवड्यांनी सुरू झाली. खंडणीचा ठरावीक आकडा मागितला गेला नव्हता. म्हणजे एक बॅकअप सर्व्हर वाचला होता, म्हणून हे दोन आठवड्यांत निभावलं. तोही गेला असता तर?

आणि कारण? तेही माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांच्या उत्तरातून संसदेच्या पटलावर आलं. पाच सर्व्हर बाधित, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कूटबद्ध केलेला, आणि मूळ कारण नेटवर्कचे नीट विभाग पाडलेले नसणं. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर आणि कोठीची खोली यांना वेगवेगळी दारं आणि कड्या असतात, ओसरीत आलेला माणूस थेट कोठीत जाऊ शकत नाही. नेटवर्कचंही तसंच असावं लागतं. इथे ते नव्हतं. हा दोष काही परदेशी हॅकरच्या अलौकिक बुद्धीचा पुरावा नाही. तो कुणीही चांगला तंत्रज्ञ लेखापरीक्षणात पहिल्या दिवशी लिहून देईल असा दोष आहे.

आणखी एक गोष्ट इथे बोलायला हवी. ‘डेटा परत मिळाला’ हे उत्तर उपलब्धतेबद्दल आहे. त्याची प्रत कुणाकडे गेली की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. बॅकअपवरून फाईल परत येते. बाहेर गेलेली प्रत मात्र परत येत नाही. बँकेचं कार्ड बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो. एखाद्या बाईच्या गर्भपाताची, एखाद्या तरुणाच्या मनोरुग्ण विभागातल्या भेटींची, एखाद्याच्या एचआयव्ही चाचणीची नोंद बदलता येत नाही.

6 जून 2023, दुपारी 2.50

साडेसहा महिन्यांनी एम्सनं पुन्हा एक निवेदन काढलं. 14.50 वाजता घातक सॉफ्टवेअरचा प्रयत्न सुरक्षा यंत्रणेनं टिपला, तो रोखला गेला, ई-हॉस्पिटल सुरक्षित आहे. तो हल्ला नव्हताच, कुणी तरी आतलं पान बाहेरून उघडायला गेलं आणि यंत्रणेनं इशारा दिला, असा खुलासा मंत्र्यांनी केला. काही असो, या वेळी नोंदलेली वेळ मिनिटापर्यंत होती. आधीच्या वेळी ‘सातच्या सुमारास’ होती. शिकता येतं, आणि एम्स शिकलं, याचा हा पुरावा आहे.

कायदा येतो

3 ऑगस्ट 2023ला विधेयक लोकसभेत आलं, 7 तारखेला तिथे मंजूर झालं, 9ला राज्यसभेत, 11ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पाच वर्षांची वाट आणि शेवटचा आठवडा. नियम यायला मात्र नोव्हेंबर 2025 उजाडला. त्यातही मंडळाची स्थापना लगेच. सुरक्षेची, खबर देण्याची आणि संमतीची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027मध्ये. माहिती अधिकार कायद्याचं 8(1)(जे) हे कलम घट्ट करणारी दुरुस्ती मात्र अठरा महिने थांबली नाही. ती लगेच लागू झाली. अधिकाऱ्यांची माहिती नागरिकाला मिळणं अवघड करणारा भाग आधी आणि नागरिकाच्या माहितीचं रक्षण करणारा भाग नंतर, हा क्रम मला अन्यायाचा वाटतो.

दंड मोठे आहेत. सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटींपर्यंत, भंगाची खबर न दिल्यास 200 कोटींपर्यंत. पण हे पैसे जातात कुठे? भारताच्या संचित निधीत. ज्याची नोंद फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात असलेला भरपाईचा हक्क या कायद्यात उरलेला नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जुनं 43-अ कलम, ज्याच्या आधारे निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते, तेही मुख्य बंधनं लागू होताना या कायद्यानं रद्द होणार आहे. दिवाणी न्यायालयात जायचा रस्ता, मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींसाठी, बंद आहे. आरोग्याच्या माहितीचा वेगळा वर्गही गेला. मनोविकाराची नोंद आणि किराणा दुकानात दिलेला फोन क्रमांक कायद्याच्या लेखी आता एकाच वर्गात आहेत. उलट नागरिकावर कर्तव्यं आहेत आणि ती मोडल्यास त्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मला हा कायदा हवा आहे. ज्यांना तो नकोच आहे त्यांच्यात मी नाही. आपल्या तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही आज अहवाल व्हॉट्सअॅपवर जातो, एकाच संगणकावर एकाच पासवर्डनं चौघं बसतात, आणि काम सोडून गेलेल्या तंत्रज्ञाचा पासवर्ड तसाच चालू राहतो. त्या लॅबला मे 2027पर्यंत हे बदलावं लागेल, आणि त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, रोजचा बॅकअप आणि तो नेटवर्कपासून तोडून ठेवलेला, आणि भिंतीवर एक कागद: गडबड झाली तर फोन कुणाला. एवढ्यानं निम्मं काम होतं. जिल्ह्याच्या डॉक्टर संघटनांनी हे आतापासून शिकवायला घेतलं पाहिजे.

पण कायद्यातलीच एक वाट या सगळ्या तयारीवर पाणी फिरवू शकते. कलम 17च्या पाचव्या पोटकलमानं केंद्र सरकारला पहिली पाच वर्षं असा अधिकार दिला आहे की कुठल्याही संस्थेला किंवा संस्थांच्या वर्गाला, कायद्याच्या कुठल्याही तरतुदीतून, अधिसूचना काढून ठरावीक काळासाठी वगळता येईल. सरकारी रुग्णालयांवर कामाचा ताण आहे, पैसा कमी आहे, त्यांना थोडी सवलत द्या, अशी मागणी येईलच. ती वरवर सयुक्तिकही वाटेल. अशी अधिसूचना निघालीच, तर लोकप्रतिनिधींनी सरकारला आधी हे विचारावं की ज्या वर्गाला वगळलं आहे, त्या वर्गातल्या रुग्णालयात ई-हॉस्पिटल सकाळी सात वाजता बंद पडलं, तर रुग्णाला कळवायला कोण बांधील आहे.